बरोबरची खूण

गुरुवारच्या बैठकीत आपण काय बोललो, हे बाईंना सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता कळलं. चहाचा दुसरा कप हातात होता, समोर लॅपटॉप उघडा होता, आणि लिफ्ट बनवणाऱ्या त्या मोठ्या कंपनीच्या सेक्रेटरीने पाठवलेल्या सतरा फायलींपैकी सोळा वाचून झाल्या होत्या. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा ही बाईंची खोड. चौतीस वर्षं दोर, साखळ्या आणि हुक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली की ती लागतेच. सतरावी फाईल संचालक मंडळाच्या इतिवृत्ताची होती. मागच्या सभेचं असेल म्हणून त्यांनी उघडली, तर वर तारीख येत्या गुरुवारची. उपस्थितांच्या यादीत शेवटी त्यांचं स्वतःचं नाव. खाली विषय क्रमांक नऊ: लिफ्टचे दोर बदलण्याची मुदत पाच वर्षांवरून सात वर्षं करणे. 'नवनियुक्त स्वतंत्र संचालिकांनी देखभाल विभागाच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केले. चर्चेअंती विषय सर्वानुमते मंजूर.' सभा संपल्याची वेळसुद्धा दिलेली होती, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. बाईंना आधी हसू आलं, आणि मग आपल्याला हसू आलं याचाच राग आला. अजून त्यांनी संचालक व्हायला होकारही दिलेला नव्हता. संमतीपत्र कोरंच्या कोरं टेबलावर, साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवलेलं होतं.

समोर दाताचे डॉक्टर, म्हणजे बाईंचे यजमान, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. दवाखाना बंद करून चार वर्षं झाली तरी समोरच्याने बोलायला तोंड उघडलं की त्यांची नजर आधी दातांवर जाते.

"अहो, हे ऐका," म्हणून बाईंनी ती दोन वाक्यं वाचून दाखवली.

"मग वाईट काय आहे त्यात? समाधान व्यक्त केलंस. मी छत्तीस वर्षं वाट बघतोय, आमच्या वाट्याला ते कधी आलं नाही."

"चेष्टा पुरे. सभा व्हायचीय अजून."

"अगं, मीसुद्धा पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच कार्डावर लिहून ठेवायचो, 'तक्रार नाही' म्हणून. भूल दिल्यावर कोण काय बोलणार?" डॉक्टर स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन पुन्हा कोड्यात शिरले. बाई मात्र त्या वाक्यापाशीच अडकल्या. भूल दिल्यावर. कधी दिली आपल्याला भूल, आणि ती देणाऱ्याला इतकी खात्री कशी?

पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. एकाला नाही, दोघांना. दुसरं संमतीपत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होतं. ते हुक आणि साखळ्या बनवणाऱ्या दोन भावांच्या लहानशा कंपनीचं. लिफ्टवाले आपले हुक त्या भावांकडूनच घेत, त्यामुळे एक पाय इकडे आणि एक तिकडे, असं करता येणार नव्हतं. लेक रोज फोनवर सांगत होती, "आई, यात विचार कसला करायचाय? मोठं नाव आहे, न्यायला-आणायला गाडी येणार आहे, झोकात जाशील." तिने कुठूनतरी एक यादीही पाठवली होती, कुठल्या मंडळावर जावं नि कुठल्या जाऊ नये याची. अध्यक्ष कसा आहे ते पाहा, याआधी कोण सोडून गेलं आणि का ते विचारा, वेळ किती जाईल ते मोजा. बाईंनी यादी नीट वाचली होती आणि तिच्यातल्या प्रत्येक कलमाला लिफ्टवाले पुरून उरले होते. भाऊ मात्र जवळजवळ प्रत्येक कलमात गारद. मागच्या आठवड्यात बाई त्यांच्याकडे बैठक पाहायला म्हणून गेल्या होत्या. कारखान्याच्या माडीवर रंगाचा वास येणारी खोली, एक पाय आखूड असलेलं टेबल, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सख्खे भाऊ पाहुणीसमोर वैऱ्यासारखे भांडत होते. थोरला म्हणे नवा हुक बाजारात आणायचाच, धाकटा म्हणे आणलास तर मी उद्यापासून येत नाही. कोपऱ्यात त्यांची भाची शाईच्या पेनाने वहीत सगळं उतरवत होती. 'धाकट्या मामांनी टेबलावर हात आपटला' हेही तिने लिहिलं, आणि मामांनी वहीत डोकावून 'दोनदा' अशी दुरुस्ती केली.

थोरल्याने तो नवा हुक बाईंच्या हातात दिला होता. बाईंनी तो उजेडाकडे धरला, वळणाच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवला, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला तसं त्यांच्या तोंडून गेलं, "या हुकाला मी माझा टॉवेलसुद्धा टांगणार नाही." भाचीने ते लिहिलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, "असंच म्हणालात ना?" बाई कानापर्यंत लाल झाल्या. प्रयोगशाळेत असं बोलायची सवय होती, पण ही परक्यांची खोली, आपण पाहुण्या. "एवढं नको लिहू गं," त्या म्हणाल्या, "हुकाच्या रचनेत सुधारणेला वाव आहे, एवढंच लिही." भाची डोळे वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. "पण तसं तुम्ही म्हणाला नाहीत, मावशी," ती म्हणाली. तिथून परतताना बाईंनी मनात ठरवून टाकलं होतं की ही मंडळी काही आपल्याला झेपायची नाहीत, इतका आरडाओरडा या वयात सोसत नाही.

दहा वाजता त्यांनी लिफ्टवाल्यांच्या सेक्रेटरीला फोन लावला. माणूस गोड, आवाज लोण्यासारखा.

"अरे बापरे, ती फाईल तुम्हाला आली होय? चुकून गेली, मॅडम. काढून टाका."

"पण ती लिहिलीय कधी?"

"मॅडम, सगळीकडे असंच चालतं. मसुदा आधी तयार असतो, सभा झाली की दोन शब्द इकडचे तिकडे करायचे. नाहीतर आठ दिवसांत इतिवृत्त सगळ्यांकडे कसं फिरवणार?"

"आणि मी समाधान व्यक्त करणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पलीकडे जरा हसल्यासारखं झालं. "तुमच्या आधीच्या अध्यक्षसाहेबांशी आमचं बोलणं झालं होतं ना. ओतकाम कारखान्याच्या. फार कौतुक करत होते. म्हणाले, बाई म्हणजे अत्यंत समंजस. पाच वर्षांत कधी सभेला उशीर झाला नाही त्यांच्यामुळे."

बाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते. समंजस! हा शब्द त्यांनी आयुष्यात शंभर जणांसाठी वापरला असेल, पण तो असा अंगावर कधी आला नव्हता. अध्यक्ष खोटं बोलतात, साफ खोटं. त्यांच्या मंडळावर पाच वर्षं असताना आपण प्रश्न विचारले होते. तो एक तर नक्कीच विचारला होता. तीन नंबरच्या क्रेनच्या दोरांचा. सहा वर्षं झाली त्याला, पण ती खोली अजून डोळ्यांसमोर जशीच्या तशी होती. लांब काळं टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि टोक केलेली पेन्सिल, खिडकीबाहेर ओतशाळेचं धुराडं. अकराव्या विषयात क्रेनचे दोर बदलणं पुढच्या वर्षावर ढकललेलं होतं. पूर्ण मंडळात दोर कशाशी खातात हे ठाऊक असलेलं माणूस एकच, म्हणून तर त्यांना घेतलं होतं. त्यांनी विचारलं होतं, 'हे दोर किती वर्षांचे आहेत, आणि शेवटचे कुणी पाहिले?' त्यावर सगळे हसले होते, अध्यक्षसुद्धा. ते हसणं त्यांच्या कानात स्पष्ट होतं. मग विषय मंजूर झाला, आणि इतिवृत्तात प्रश्नाचा मागमूस नाही, फक्त 'सर्वानुमते'. पुढच्या सभेला पहिलाच विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा, त्याला अर्धं मिनिट लागतं, आणि इतर सगळ्यांसारखा बाईंनीही हात वर केला होता. तेवढी एक चूक त्या स्वतःकडे घेत. इतिवृत्त न वाचता हात वर केला, ही. आयुष्यभर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या बाईंनी तो एकच कागद वाचला नव्हता.

त्यानंतर चार महिन्यांनी तीन नंबरच्या क्रेनचा दोर तुटला. साचा खाली आला आणि तिथे उभ्या असलेल्या फिटरच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. चौकशीच्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर बसला होता, हात झोळीत घालून गळ्यात अडकवलेला. बाई जवळून जाताना तो उठून उभा राहिला. त्या उठण्याची बाईंना अजून लाज वाटते. "बाई, तुम्ही मोठ्या मीटिंगमध्ये असता ना?" त्याने विचारलं होतं. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल. "दोरांचं तिथं काही निघालं नव्हतं का?" आणि बाई त्याच्या उजव्या हाताला धरून म्हणाल्या होत्या, "मी विचारलं होतं. त्यांनी लिहिलं नाही." फिटरने मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला, "म्हणजे कुणीतरी विचारलं तरी होतं." आता तो पुलापलीकडच्या चौकात किल्ल्या बनवतो. यंत्राला पायाने दाबायचा खटका त्याने स्वतः बसवून घेतलाय. बाई दर दोन-तीन महिन्यांनी तिथे जातात आणि एखादी किल्ली करून आणतात. घराला कुलपं दोन आणि ड्रॉवरमध्ये किल्ल्या अकरा. डॉक्टर म्हणतात, "चोराला पत्ता तेवढा द्यायचा राहिलाय." पण बाईंना तिथे गेल्यावर बरं वाटतं. तो उठून उभा राहतो, स्टूल पुढे करतो आणि शेजारच्या पानटपरीवाल्याला सांगतो, "आमच्या बाई. यांनी विचारलं होतं." सहा वर्षांत त्या वाक्यावर बाई बऱ्याच जगल्या होत्या, हे कबूल करायला हवं.

तेव्हा आता अध्यक्षांना नि त्या लोणी-आवाजाच्या सेक्रेटरीला एक खरमरीत पत्र लिहायचं, असं बाईंनी ठरवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, त्यांची वही होती ना! नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची पद्धत. पानाच्या डाव्या समासात विचारायचे प्रश्न आधी लिहून न्यायचे, आणि प्रश्न विचारला की त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची, तिथल्या तिथे, उत्तर यायच्याही आधी. प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या पोरींनाही त्यांनी तेच शिकवलं होतं. खूण नाही म्हणजे तपासलं नाही, मग तुम्ही शपथेवर सांगा की तपासलं. या नियमापायी त्यांनी एकदा एका मुलीकडून साखळीच्या दोनशे कड्या पुन्हा तपासून घेतल्या होत्या, आणि ती रडत असताना शेजारी बसून पाहत होत्या. वह्या माळ्यावर होत्या. डॉक्टरांनी स्टूल धरलं, "पडलीस तर पुढचे चार दात जातील, सांगून ठेवतो," असा इशारा दिला, आणि बाईंनी ओतकाम कारखान्याची निळ्या पुठ्ठ्याची वही खाली काढली. धूळ झटकली. खिडकीपाशी उभ्या राहून पान काढलं.

विषय अकरा. त्यांचंच अक्षर, उजवीकडे झुकलेलं. 'क्रेन ३: दोर किती वर्षांचे? शेवटचे कुणी पाहिले?' वरच्या दोन प्रश्नांपुढे खुणा होत्या. खालच्या एका प्रश्नापुढे खूण होती, तो पुढच्या सभांच्या तारखांचा, जेवणाच्या सुट्टीनंतर विचारलेला. या प्रश्नापुढे काही नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. वही उजेडात तिरपी धरली, शाई उठली नसेल तर निदान टोकाचा दाब तरी उमटला असेल, म्हणून अंगठा फिरवून पाहिला. अंगठ्याला भेग सापडायची सवय होती. इथे कागद गुळगुळीत होता. घाईत राहिली असेल, त्या मनाशी म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना ती दोनशे कड्यांवाली पोर आठवली. तीही हेच म्हणाली होती. मग ती खोली पुन्हा डोळ्यांसमोर आली, पण या वेळी हट्टाने वेगळीच. एक वाजून गेला होता. दाराबाहेर जेवणाच्या ताटांचा आवाज येत होता. अध्यक्षांनी अकरावा विषय वाचला, बाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष म्हणाले, "आपल्या मंडळात साक्षात बाई आहेत, मग दोरांची काळजी दोरांनी करावी, आपण कशाला?" सगळे हसले. तेच ते हसणं. ते प्रश्नावर आलेलं नव्हतंच, ते प्रश्नाच्या जागी आलं होतं. आणि त्या हसण्यात एक आवाज बाईंचा होता. त्यांना बरं वाटलं होतं, हो, बरं वाटलं होतं. आयुष्यभर तेलकट दोर चाचपणाऱ्या बाईला त्या गुळगुळीत टेबलावर कुणी साक्षात म्हटलं होतं. त्यांनी हसत हसत टोपण परत लावलं. म्हणजे इतिवृत्त खरं होतं. चूक न वाचण्याची नव्हती, लिहिणाऱ्याने एक अक्षर गाळलं नव्हतं. आणि लिफ्टवाल्यांनी गुरुवारचं जे आज लिहून ठेवलं होतं, तेही बहुधा खरं ठरलं असतं, एक वाजून दहा मिनिटांसकट. त्यांना दोर तपासणारं माणूस नकोच होतं. त्यांना हवं होतं ते बाई खोलीत आहेत एवढंच, म्हणजे बाकीच्यांना निर्धास्त जेवायला उठता येतं. मूग गिळणाऱ्याला काही तोंडाने बोलावं लागत नाही, त्याचं बसणंच बोलतं.

"सापडलं का?" स्टूल जागेवर ठेवत डॉक्टरांनी विचारलं.

"सापडलं."

"मग हाण पत्र."

बाई पानाकडेच पाहत होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, या वेळी दातांकडे नाही. वही त्यांच्या हातातून घेतली, पान वाचलं. छत्तीस वर्षांत त्यांनाही त्या खुणांची रीत पाठ झाली होती. किराण्याच्या यादीवरसुद्धा बाई त्याच खुणा करत. त्यांनी वही मिटली आणि टेबलावर ठेवली. "चहा टाकू का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेले. बाईंना त्या क्षणी रडू आलं. त्या उभ्याउभ्याच रडल्या, पदराने नाक पुसलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला सगळ्यात जास्त दुःख फिटरच्या बोटांचं होत नाहीये, तर त्याच्या त्या वाक्याचं. 'यांनी विचारलं होतं.' ते आता आपल्याला ऐकता यायचं नाही, म्हणून हे रडू. इतकं हलकं कारण! माणूस स्वतःला किती वर्षं खोट्या किल्लीने उघडत राहतो, आणि दार उघडतंय असंच समजतो.

साडेबाराच्या सुमाराला त्यांनी तोंड धुतलं आणि लिफ्टवाल्यांना दोन ओळी लिहिल्या. मंडळावर येणं जमणार नाही. आणि विषय नऊबद्दल त्यांचं मत विचारलं असतं तर, सात वर्षांना त्यांचा विरोध होता. लेकीच्या यादीत एक कलम राहून गेलं होतं असं त्यांना वाटलं: अध्यक्ष कसा, कंपनी कशी, हे सगळं पाहा, पण कुठल्या खोलीत आपलं तोंड आपोआप उघडतं आणि कुठल्या खोलीत आपोआप मिटतं, तेही एकदा पाहा. मग फ्रिजवरचा कागद काढून त्यांनी भावांच्या कारखान्यात फोन लावला. भाचीनेच उचलला. मागे दोन पुरुष कशावरून तरी कडाकडा भांडत होते.

"मी बोलतेय, मागच्या आठवड्यात आले होते ती. माझं एक वाक्य तुला मी बदलायला लावलं होतं."

"हो, मावशी. सुधारणेला वाव आहे, असं केलंय."

"ते खोड. आधीचं होतं ते लिही."

"आधीचं मी खोडून टाकलं. नीटसं आठवत नाही आता. काय म्हणाला होतात?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. एखाद्याच्या हातात हुक असताना म्हणणं सोपं, असं सुटंसुटं पुन्हा म्हणायला किती जड जातं! "या हुकाला मी माझा टॉवेलसुद्धा टांगणार नाही," त्या म्हणाल्या.

"थांबा हं, पेन घेते. हं, सावकाश सांगा."

बाईंनी सावकाश, एकेक शब्द तोडून पुन्हा सांगितलं. डॉक्टर चहाचे कप घेऊन दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं. पलीकडे भाचीने वाक्य मोठ्याने वाचलं आणि मागचं भांडण एकदम थांबलं. मग धाकट्याचा आवाज आला, "बघ, मी काय सांगत होतो!" आणि थोरल्याचा, "फोन दे इकडे, बाईंना विचारतो, वळण किती वाढवायचं."

"गुरुवारी सांगते," बाई म्हणाल्या. "गुरुवारी येतेय मी. सही करून आणते."

चहा त्यांनी अर्धाच घेतला आणि चपला घालायला बसल्या.

"आता भर उन्हात कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुलापलीकडे."

"बारावी किल्ली?"

"नाही. मी विचारलं नव्हतं, हे सांगायला."

डॉक्टरांनी हातातला कप खाली ठेवला. "सहा वर्षांनी सांगून त्याला काय मिळणार आहे? त्याचं तेवढंच आहे की."

"हो ना. तेच घ्यायला जातेय त्याच्याकडून," बाई म्हणाल्या.

"मी येऊ बरोबर?"

"नको. तुम्ही असलात की मी समंजस होते."

जिन्याच्या वरच्या पायरीवर त्या थांबल्या. तिथे जाताना दर खेपेला नमुन्याची किल्ली मुठीत असायची, चौकात पोचेपर्यंत ती घामाने ओली व्हायची. आज मूठ रिकामी होती, तिचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी कठडा धरला आणि त्या खाली उतरू लागल्या.